तळ्याकाठचा ठराव

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात, घोड्यांच्या टापा ऐकू येतात, तहांची कलमे आठवतात. मी शाळामास्तर आहे. पानिपतची तारीख न चुकता सांगणारी मुले मी दरवर्षी पाहतो. पण आपल्या गावची नगरपालिका कधी स्थापन झाली असे विचारले, तर तीच मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. त्यांचा तरी काय दोष? नगरपालिकेच्या सभांची इतिवृत्ते ही वाचायची वस्तू आहे असे आपल्या घरांत कोणीच मानीत नाही. त्या वह्यांत असायचे तरी काय! गटारांची दुरुस्ती, दिवाबत्तीचा खर्च, मोकाट गुरांचा बंदोबस्त, कोणाच्या तरी पुढे आलेल्या ओट्याची तक्रार. दिवाळीच्या फराळाबरोबर असला कोरडा मजकूर कोणाच्या गळी उतरावा?

तरीही, वाचकहो, आज मी तुम्हांला अशाच एका वहीतल्या दोन ठरावांची गोष्ट सांगणार आहे. दोन्ही ठराव एकाच गावचे, एकाच नगरपालिकेचे, आणि दोहोंमध्ये चार वर्षांचेही अंतर नाही. पहिल्याने एका तळ्याचे पाणी देऊ केले, दुसऱ्याने ते काढून घेतले. गाव महाड, तळे चवदार. त्या तळ्यावर १९२७ च्या मार्च महिन्यात काय घडले हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच्या अगोदर आणि त्याच्या नंतर नगरपालिकेच्या बैठकीत जे घडले, ते सहसा कोणी सांगत नाही. मला कादंबऱ्या लिहिण्याची खोड आहे, म्हणून असेल कदाचित, पण तळ्याकडे चालत गेलेल्या थोर माणसांइतकेच त्या बैठकीत बसलेल्या साध्या माणसांचे मला कुतूहल वाटते.

या माणसाला आपल्या भाषेने वेळोवेळी निरनिराळी नावे दिली. जुने लोक त्याला 'मेंबर' म्हणत. वर्तमानपत्रे गौरवाने 'नगरपिता' लिहीत. आता तो 'नगरसेवक' झाला आहे. पित्याचा सेवक झाला खरा, पण त्याची जागा मात्र बदललेली नाही. ती जागा उंबऱ्यावरची आहे. बाहेरून गल्लीतली माणसे त्याला ओढतात : नळ कोरडा आहे, दिवा बंद आहे, गटार तुंबले आहे. आतून पक्ष ओढतो : देशात आपले धोरण अमुक आहे, ते लोकांत सांगा. आणि या दोन ओढी वाटतात तितक्या वेगळ्या नसतात. १ जुलै २०१७ रोजी देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याच दिवशी मुंबईच्या नाक्यांवरची जकात संपली. दिल्लीत एक कायदा झाला, आणि मुंबई महापालिकेला तिजोरीच्या भरपाईसाठी राज्य सरकारकडे पाहावे लागू लागले. देशाचे धोरण शेवटी येऊन टेकते ते गल्लीतल्या खर्चापाशी. ते तिथे टेकताना नेमके काय होते, हे ज्याने लोकांना समजावून सांगायचे, तो हा उंबऱ्यावरचा माणूस.

महाडला जाण्यापूर्वी वाटेत थोडा वेळ पुण्यास थांबू. १८७६ साली जोतीराव फुले यांची पुणे नगरपालिकेवर सभासद म्हणून नेमणूक झाली. नेमणूक म्हणजे सरकारची मेहेरबानी. आणि मेहेरबानीने आलेल्याने मान डोलवावी, ही तेव्हाची रीत. व्हाइसरॉयसाहेबांच्या स्वागताप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव सभेपुढे आला, तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या कामी लावा, असे त्यांचे म्हणणे. शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हाही त्यांनी लेखी हरकत घेतली. मंडईची मोठी इमारत बांधण्याचे निघाले, तेव्हा तो पैसा शिक्षणाकडे जावा म्हणून ते पुन्हा आडवे उभे राहिले. मंडई व्हायची ती झालीच. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती उघडली. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच त्यांचे नाव लागले! नगरपालिकेच्या इतिहासात असे गमतीचे न्याय पुष्कळ होतात.

पुण्याच्याच गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट घ्या. १९०५ साली बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि त्याच सुमारास पुणे नगरपालिकेचेही ते अध्यक्ष होते. एका हाती देशाची मागणी, दुसऱ्या हाती शहराची गटारे. आज हे ऐकून आपल्याला नवल वाटते, पण त्या पिढीला त्यात काही विसंगत वाटत नव्हते. १९२० नंतर तर काँग्रेसची बडी बडी माणसे नगरपालिकांत शिरली. जवाहरलाल नेहरू १९२३ साली अलाहाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. वल्लभभाई पटेल १९२४ पासून १९२८ पर्यंत अहमदाबादेस अध्यक्ष होते. देशबंधू चित्तरंजन दास १९२४ साली कलकत्त्याचे पहिले महापौर झाले आणि सुभाषबाबूंना त्यांनी तेथील मुख्य कार्यकारी अधिकारी केले. पाण्याच्या टाक्या आणि मैल्याची व्यवस्था यांत स्वराज्याची शाळा भरली होती, म्हणा ना!

याच काळात, अशा एखाद्या बड्या शहरापासून फार दूर, सावित्री नदीच्या काठी एका कोकणी गावात एक छोटी नगरपालिका आपला कारभार करीत होती.

महाड हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. ज्या रायगडावर १६७४ साली शिवरायांना राज्याभिषेक झाला, त्याच्या परिसरातली ही बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतून माणसे येथे बाजाराला येत, कचेरीच्या कामाला येत. त्यांत महार आणि चांभार समाजाची माणसे पुष्कळ असत. कोणी सरकारी चाकरीच्या कामाने येई, कोणी चार पैशांचा जिन्नस घ्यायला. दिवसभर उन्हातान्हात हिंडून तहान लागली तर गावात त्यांना पाणी प्यायला जागा नव्हती. आपल्या वस्तीतल्या विहिरीपर्यंत चालत जावे, तेव्हा ओंजळ ओली व्हायची. गावाच्या मधोमध चवदार तळे होते. नाव चवदार, पण या माणसांनी त्याची चव कधी घेतली नव्हती. मुसलमानांना तेथे आडकाठी नव्हती, गुराढोरांनाही नव्हती. ती होती फक्त यांना.

या तालुक्याने याआधी एकदा उंबऱ्यावरचा तंटा पाहिलेला होता. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन परतले होते. जोतीरावांच्या विचारांची त्यांना ओढ. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसक' लिहून आपल्या समाजाची गाऱ्हाणी मांडली. १८९५ साली त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. एक महार गृहस्थ आपल्या पंक्तीला बसणार या कल्पनेनेच वरच्या जातींचे सभासद अस्वस्थ झाले, आणि त्यावर वर्तमानपत्रांत बराच वादही माजला. रस्ते आणि धर्मशाळा यांच्या कामासाठी भरणाऱ्या त्या बोर्डापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो खुर्चीचा!

आता एका ठरावाचा प्रवास पाहा. १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसने असा ठराव केला की, दलित वर्गांवर रूढीने लादलेली बंधने दूर करणे आवश्यक आहे आणि न्यायाचे आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचे हे धोरण ठरले. १९२० साली नागपूरच्या काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाचा पुन्हा पुरस्कार केला. कलकत्ता झाले, नागपूर झाले; तळे मात्र होते तेथेच होते. मग मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले उभे राहिले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालविल्या जाणाऱ्या सर्व पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत, तसेच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने यांत अस्पृश्यांना मोकळीक असावी. सरकारने सप्टेंबरमध्ये आपल्या खात्यांना त्याप्रमाणे हुकूम धाडला. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांना मात्र हुकूम नव्हता, शिफारस होती. ती मानायची की नाही हे त्यांनी आपापल्या सभेत ठरवायचे होते.

म्हणजे कलकत्त्याहून निघालेला ठराव नागपूरवरून मुंबईस आला आणि मुंबईहून कोकणात उतरून महाडच्या सभासदांच्या टेबलावर येऊन थांबला. आता पुढे फक्त तळे उरले होते.

१९२४ साली महाडच्या नगरपालिकेने ठराव केला की, चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्यास नगरपालिकेची हरकत नाही. पुष्कळ ठिकाणी बोले यांच्या ठरावाची कोणी दखलही घेतली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या छोट्या नगरपालिकेचे मोल कळते. या कामात सुरेंद्रनाथ टिपणीस यांचे नाव आदराने घ्यावे लागते. लोक त्यांना सुरबानाना म्हणत. नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते, ते वरच्या मानल्या गेलेल्या जातीतले होते, आणि आपल्या जातभाईंचा रोष ओढवून घेऊनही ते या प्रश्नावर शेवटपर्यंत ठाम राहिले.

पण ठराव झाला आणि दप्तरात गेला. तीन वर्षे गेली, तरी तळ्यावर अस्पृश्याचे पाऊल पडले नाही. कागदावर हरकत नव्हती; काठावर ती जशीच्या तशी होती. इकडे बोले स्वस्थ बसले नव्हते. जी नगरपालिका किंवा जे लोकल बोर्ड ठराव पाळणार नाही, त्याचे सरकारी अनुदान रोखावे, असा पुढचा ठराव त्यांनी १९२६ साली मांडला. त्याचाही तळ्याच्या पाण्यावर तरंग उठला नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सोबती यांनी ती घडवून आणली; अध्यक्षस्थानी डॉक्टर आंबेडकर होते. खेड्यापाड्यांतून, डोक्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन, हजारो माणसे आली. आता या परिषदेच्या खर्चातली एक बाब पाहा : चाळीस रुपयांचे पाणी. गावात तळे भरलेले, ते खुले असल्याचा ठराव नगरपालिकेच्या वहीत नोंदलेला, आणि परिषदेला आलेल्या पाहुण्यांसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! १९२४ च्या ठरावाची किंमत किती होती असे कोणी विचारले, तर मी त्याला हा आकडा सांगेन.

दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली तेव्हा अनंतराव चित्रे यांनी सुचविले की, नगरपालिकेने दिलेला हक्क आपण सारे मिळून बजावू या. चौघाचौघांच्या रांगा करून माणसे बाजारपेठेतून निघाली. बाबासाहेबांनी तळ्यात उतरून ओंजळभर पाणी घेतले. त्यांच्या मागून सर्वांनी घेतले. कलकत्त्याहून दहा वर्षांपूर्वी निघालेला ठराव त्या दिवशी पाण्यापर्यंत पोहोचला, आणि तो पोहोचविला ज्यांना त्या नगरपालिकेत बोलायला जागा नव्हती अशांनी.

नंतरची हकीकत दुःखाची आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. घरी परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. कित्येक जण जखमी झाले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शांत राहण्यास बजावले म्हणून पुढचा अनर्थ टळला. मग पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली.

आणि आता दुसरा ठराव. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. तारीख पुन्हा वाचा. मुंबईच्या कायदेमंडळाने बोले यांचा ठराव केला तीही ४ ऑगस्टच होती. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, महाडने दिलेले पाणी परत घेतले.

हा ठराव फिरविणारे सभासद म्हणजे दुष्ट माणसे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. दुष्ट माणसांनी १९२४ चा ठराव केलाच नसता. मग या नगरपालिकेने आपली मान का फिरवावी? याचे उत्तर मला मतदारयादीत सापडते. त्या काळी नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर असल्या अटींना बांधलेला होता. तळ्याभोवती ज्यांची घरे, पेठेत ज्यांची दुकाने, त्यांच्या हाती मत होते. ज्यांना तहान लागली होती त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती ते नव्हते. १९२४ साली ठरावाने कोणाचे काही बिघडणार नव्हते, कारण तो अंमलात येईल असे कोणाला वाटत नव्हते. १९२७ साली तो अंमलात आला, आणि सभासदाच्या दारात लोक येऊन उभे राहिले. पण ते लोक कोण, तर मत असलेले. नगरसेवकाच्या कानाला तेच ऐकू येते जे मतपेटीतून येते. हा त्याच्या काळजाचा दोष म्हणा, पण त्याहून अधिक तो त्या यादीचा दोष होता.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. तेव्हा गावातल्या काही स्पृश्यांनी न्यायालयात दावा लावला की, तळे आमच्या खाजगी वहिवाटीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे मनाई ही अनादि काळापासूनची रूढी आहे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. परिषदेसाठी जागा मिळणेही कठीण झाले होते. ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी माणसे उतावीळ झाली होती, तथापि बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून तो तहकूब केला. ज्या कायद्याने अडविले त्याच कायद्याच्या वाटेने जाऊन तळे मिळवायचे, असा त्यांचा निश्चय होता.

ती वाट लांबची निघाली. खालच्या न्यायालयाने १९३१ साली दावा फेटाळला, वरच्याने १९३३ साली अपील फेटाळले, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि अनादि काळाची म्हटलेली रूढी सिद्ध झालेली नाही. २० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७. दहा वर्षांना तीन दिवस कमी. ओंजळभर पाणी पिण्याचा हक्क होता की नव्हता, हे ठरायला एवढा काळ लागला. १९२४ साली नगरपालिकेने आपल्या वहीत एका ओळीत जे लिहून ठेवले होते, ते खोडल्यावर पुन्हा लिहायला इतकी शाई खर्ची पडली.

त्याच वर्षी, निकालाच्या महिनाभर आधी, प्रांतिक निवडणुका झाल्या होत्या. बाबासाहेबांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे सुरबानाना टिपणीस कुलाबा जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून गेले. कोकणातल्या खोतीचे उच्चाटन हे त्या पक्षाचे एक प्रमुख धोरण. महाडच्या नगरपालिकेत तळ्याच्या प्रश्नावर उभा राहिलेला माणूस आता जमिनीच्या प्रश्नावर मुंबईत उभा राहिला. ज्याला गावातला एक प्रश्न नीट कळला, त्याला देशाचे धोरण वेगळे शिकवावे लागत नाही.

आणखी तेरा वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताची राज्यघटना अंमलात आली. तिचे पंधरावे कलम वाचा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे तेथे लिहिले आहे. सार्वजनिक पैशाने राखलेल्या पाणवठ्यांची ती भाषा बोले यांच्या ठरावाशी किती जवळची आहे! मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. आपल्या घटनेत 'तळे' हा शब्द आहे, हे मी दरवर्षी मुलांना मुद्दाम दाखवतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात हा घरगुती शब्द काय करतो आहे, असे एखादे चुणचुणीत मूल विचारते. मग त्या दिवशीचा नागरिकशास्त्राचा तास इतिहासाचा होतो.

इतके सगळे वाचून कोणी म्हणेल की, मास्तर, नगरसेवकाने यातून घ्यायचे काय? मला वाटते, घ्यायची गोष्ट एकच. ठराव करणे हे त्याचे अर्धे काम. तो ज्यांच्यासाठी केला त्यांच्यापर्यंत तो पोहोचला की नाही हे सांगणे, हे उरलेले अर्धे. महाडला पहिले अर्धे झाले होते. दुसरे अर्धे तीन वर्षे कोणी केले नाही.

हे दुसरे अर्धे काम करणारा एक माणूस मी लहानपणी पाहिला आहे. आमच्या गावच्या नगरपालिकेत ते एका मोठ्या पक्षातर्फे निवडून आले होते. महिन्यातून एकदा, रात्रीची जेवणे झाल्यावर, ते मारुतीच्या पारावर येऊन बसत. हातात पाठकोरा कागद. त्यावर तीन रकाने : झाले, चालू, अडले. पहिले दोन रकाने ते भराभर वाचत. तिसऱ्याशी आले म्हणजे आवाज हळू होई आणि माणसे पुढे सरकत. अमुक गल्लीची मोरी अडली, कारण पैसे नाहीत. पैसे नाहीत, कारण मंजूर झालेले अनुदान आलेले नाही. अनुदान आलेले नाही, कारण वर धोरण बदलले आहे. मग ते धोरण काय, ते का बदलले, आपल्या पक्षाचे त्यावर म्हणणे काय, हे ते सांगू लागत. एकदा एक म्हातारी मध्येच म्हणाली, "दादा, ते दिल्लीचं राहू दे. माझ्या बोळातला दिवा कधी लागायचा ते सांग." ते हसले आणि म्हणाले, "आजी, तेच सांगतोय. तुमच्या दिव्याची वात दिल्लीतनंच येते." त्या रात्री मला राजकारण म्हणजे काय ते जितके कळले, तितके पुढे पुस्तकांतून कळले नाही.

अनुदान अडविणारे सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. ते लोकांना सांगू नये असे त्यांना वरून सुचविण्यात आले. ते सांगत राहिले. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळाले नाही. अपक्ष उभे राहिले आणि पडले. त्यांच्या जागी जे आले ते पारावर कधी बसले नाहीत. गंमत अशी की, मोरीचे काम त्यांच्याच कारकिर्दीत पुरे झाले आणि तिच्यावर त्यांच्या नावाची फरशी बसली. पण गावात आजही कोणी विचारले, तर लोक फरशीवरचे नाव सांगत नाहीत.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. मताला मालमत्तेची अट राहिलेली नाही. १९९२ साली संसदेने घटनेची ७४वी दुरुस्ती केली आणि ती १९९३ च्या जूनपासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा नगरपालिकांत मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. जिथे एका गोपाळबाबांच्या खुर्चीवरून वाद माजला, तिथे त्यांच्या नाती-पणत्या शोभतील अशा मुली अध्यक्षपदावर बसलेल्या आपण पाहिल्या. ही लहान गोष्ट नव्हे. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असेही ती दुरुस्ती सांगते. पण कागद आणि काठ यांत अंतर कसे पडते पाहा. मुंबई महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यापुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे एकही लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. राज्यातल्या इतर पुष्कळ शहरांतही प्रशासकच कारभार पाहत होते. नळ वाहत होते, दिवे लागत होते, रस्ते होत होते. मग बिघडले काय, असे विचारणारे सुजाण गृहस्थ मला भेटले आहेत. बिघडले एवढेच की, उंबरा रिकामा होता. काय अडले आणि का अडले हे ज्याला हक्काने विचारायचे, तो माणूसच नव्हता.

चवदार तळ्याच्या मधोमध आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. दरवर्षी २० मार्चला तेथे लोटणारी गर्दी काठावर उतरते आणि ओंजळीत पाणी घेते. जमल्यास मुलाबाळांना घेऊन एकदा जाऊन या. रायगड पाहून परतताना वाट वाकडीही होत नाही. आणि या दिवाळीत आपल्या वॉर्डाचे नगरसेवक शुभेच्छा द्यायला दारी आले, तर त्यांना आत बोलवा, करंजी-चकली द्या, चहा द्या. मग दोन्हीकडचे हसणे ओसरले म्हणजे हळूच विचारा : गेल्या वर्षी आमच्यासाठी कोणते ठराव केलेत, आणि त्यांतले कोणते अजून वहीतच आहेत?